खोक्यात संपलेली वॉरंटी

दौंड,
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. आनंदराव मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका असं लिहिणार होते, पण मामा, घाबरण्यासारखंच झालंय. तुम्ही आहेरात दिलेली कपडे धुण्याची मशीन परवा फुटली. बंद पडली नाही, फुटली. कपडे पिळायला लागली आणि वरचं काचेचं झाकण एकदम धाडकन उडालं. मी दारात होते, मला वाटलं गॅसची टाकीच गेली. सासूबाई मशीनजवळ उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात घेतला म्हणून डोळे वाचले, पण काच उजव्या मनगटात शिरली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, बोटं वळवणारी नस तुटली होती, जोडलीय, पण बोटं पहिल्यासारखी चालतील असं लिहून देता येणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या सासूबाई, सिंधूबाई, म्हणजे गल्लीतल्या बचतगटाच्या अध्यक्ष. चौथी शिकलेल्या, पण त्यांची सही झाल्याशिवाय गटाचं पान हलत नाही, आणि सही करताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. काल हाताकडे बघून त्यांनी मला एवढंच विचारलं की, पोरी, म्या मशीन नगं म्हनत हुते त्ये तुला आठवतंय का. रागावून नव्हतं विचारलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन म्हणजे स्पीकरवरच. सत्यजीत कुरकुंभच्या कारखान्यातली सेकंड शिफ्ट सोडून आईजवळ दवाखान्यात बसलेत. मशीन ज्यांच्याकडून घेतलीत त्या हौसरावांना तुम्ही दुकानात जाऊन सांगा. मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अपेक्षा


शिरूर,
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मी होतो तिथंच ओसरीवर बसलो. तुझी मामी विचारतेय काय झालं, तर मी पत्रच तिच्या हातात दिलं. काचेचं झाकण असं उडतं, हे या वयात पहिल्यांदा ऐकलं. सिंधूबाईंना माझा हात जोडून नमस्कार सांग. आहेर मी दिला आणि भोगलं त्यांनी, हे मला गिळता येत नाहीये.

लगोलग हौसरावाच्या दुकानात गेलो. त्यानं चहा मागवला, कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाला, आनंदराव, वॉरंटी दोन वर्षांची, ती औंदाच्या दसऱ्यालाच सरली, आता कंपनी काय ऐकायची न्हाई. मी म्हणालो, अरे पोरीनं ती वापरायला काढून वर्ष झालेलं नाही. तर म्हणाला, बिलाची तारीख धरत्यात.

आता सगळा दोष माझ्याच गळ्यात येतो बघ. वस्तू दसऱ्याला घ्यायची म्हणून मी लग्नाच्या दोन महिने आधीच घेऊन ठेवली. मग तुझे आजेसासरे गेले, वर्षश्राद्धापर्यंत लग्न लांबलं, पुढं मुहूर्त मिळेना. तेवढे दिवस खोकं आमच्या बैठकीत. मामीनं त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, पाहुणे त्यावर कपबशा ठेवायचे. विश्वजीतनं, म्हणजे तुझ्या मामेभावानं, एकदा म्हटलंही की आप्पा, उघडून चालवून तरी बघू. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. भाचीची वस्तू भाचीनंच उघडायची, तिच्याआधी कुणी हात लावायचा नाही. आमच्यात हे असंच चालतं आणि ते मला बरोबरच वाटत होतं. वॉरंटी त्या खोक्यात बसून संपली.

तू मात्र हे वाढवू नकोस. मी नवी मशीन पाठवतो, लोखंडी झाकणाची. हौसराव माझा शाळेपासूनचा सोबती. माघात तुझ्या लग्नाला टेम्पो भरताना ते खोकं त्यानं स्वतः खांद्यावर घेतलं होतं, हमालाला हात लावू दिला नव्हता. अशा माणसाला कोर्टाची पायरी दाखवायची नसते. एवढं माझं ऐक, आणि म्हाताऱ्या मामावर लोभ ठेव.

तुझा,
आनंदमामा


दौंड,
ता. २० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

लोखंडी झाकणाची मशीन पाठवू नका. पाठवलीत तर मी तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकीन आणि कपबशा ठेवीन. दोष तुमचा नाही, हे आधी ऐका. मी ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता. तिथल्या बाईंनी नीट समजावलं. वॉरंटी म्हणजे कंपनीनं आपणहून दिलेला शब्द. तो संपला म्हणून कायदा संपत नाही. वस्तूत मुळातच खोट असेल आणि तिनं माणूस जखमी झाला, तर घडल्यापासून दोन वर्षं तक्रार करता येते. बिल तुमच्या नावावर असलं तरी वापरणारी मी, म्हणून मलाही तक्रार करता येते. फक्त मशीन तुम्ही घेऊन मला दिलीत, असं तुमच्या सहीचं प्रतिज्ञापत्र हवं.

तुमचा जीव हौसरावांत अडकलाय, म्हणून मी गप्पच बसणार होते. पण काल जे कळलं त्यानं माझा रात्रभर डोळा लागला नाही.

हौसरावांची लेक अनुपमा इथंच गोपाळवाडीत दिलीय. ती सासूबाईंना बघायला आली, मोसंबी घेऊन. बिचारी कळवळून बोलली. म्हणाली, ताई, तुम्ही ही मशीन बदलून का नाही घेतली? आमच्याकडंही हीच होती. अण्णांनी मागच्या वर्षी दिवाळीतच टेम्पो पाठवून ती नेली आणि दुसरी दिली. म्हणाले, झाकण फुटायच्या तक्रारी येत्यात, घरात लेकरू हाय, ही ठिवू नगं.

मामा, मागच्या वर्षीची दिवाळी. माझं लग्न त्यानंतरच्या माघातलं. तेव्हा खोकं तुमच्या बैठकीत होतं आणि वॉरंटीही शिल्लक होती. त्यांनी आपल्या लेकीची मशीन काढून घेतली आणि माझी खांद्यावर घेऊन टेम्पोत चढवली.

अनुपमाला आपण काय बोललो ते कळलंच नाही. सासूबाई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या. ती गेल्यावर म्हणाल्या, तिच्या लेकराला दिष्ट लागू नये, त्ये वाचलं ह्ये चांगलंच झालं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आता तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. रागवा, पण तुटू नका.

तुमची,
अपेक्षा


शिरूर,
ता. २७ डिसेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण दोनदा वाचून विश्वास बसला नाही. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग खिशात पत्र घालून गेलो. हौसरावानं नेहमीसारखा चहा मागवला. मी तो घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मी त्याला एकच विचारलं. माघात खोकं खांद्यावर घेतलंस, तेव्हा तुला ठाऊक होतं का? त्यानं टेबलावरचं कॅल्क्युलेटर बाजूला सरकवलं. मग म्हणाला, व्हय. कंपनीचा माणूस सांगून गेला हुता की जो दारात यील त्याचं बदला, जो येत न्हाई त्याला उठवू नगा. आन् ऐन लग्नात वंगाळ कसं बोलायचं, इघ्न नगं म्हणून मीच पुढं हून खोकं उचललं, आदळू नये म्हणून. मी म्हणालो, बरं, लग्नात नाही बोललास. लग्नानंतर? त्यावर त्यानं माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. माझा सोबती आहे, खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याला फोन हातात घ्यायला लावला. ज्यांनी ज्यांनी ती मशीन नेली, त्यांना माझ्यासमोर सांग की आज बंद करा, झाकणाजवळ पोर उभं करू नका. दिवस मावळेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिलो. दोन घरी झाकणं आधीच फुटली होती. वॉरंटी संपली म्हणून ती माणसं मुकाट बसली होती, माझ्यासारखीच.

प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. बिलासोबत विश्वजीतच्या हाती पाठवतो, रांजणगावची ड्यूटी संपवून तो रविवारी येईल. घरी आलो तेव्हा मामीनं विचारलं, हौसरावाकडं गेला होता का. मी म्हणालो, जाऊन आलो. यापुढं जाणार नाही, हे मला म्हणवलं नाही.

सिंधूबाईंच्या बोटांचं लिही. तुमच्या सगळ्यांच्या मायेवरच आता भरवसा.

तुझा,
आनंदमामा


दौंड,
ता. ९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार दाखल झाली. कंपनीही त्यात आहे आणि हौसरावांचं दुकानही. निकाल काय लागेल ते माहीत नाही, वकीलबाई म्हणतात वेळ लागेल. अनुपमानं स्वतःहून निरोप पाठवलाय की तीही सांगेल, तिची मशीन कधी आणि का नेली ते. वडिलांशी तिचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

सासूबाईंचंही प्रतिज्ञापत्र करायचं होतं, म्हणून काल त्यांना तहसीलजवळ नेलं. नवं लुगडं नेसल्या होत्या. तिथल्या नोटरीच्या माणसानं कागद पुढं सरकवला आणि सही करा म्हणाला. त्यांनी पेन घेतलं, बोटांत बसेना. डाव्या हातानं उजव्याची बोटं पेनाभोवती वळवून बघितली, सुटली. आम्ही सगळे गप्प होतो, कारण सही करताना त्यांना कुणी बोललेलं खपत नाही. शेवटी त्या माणसानं शाईचा पॅड उघडला आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. तो खाली नेहमीचा मजकूर भरत होता, निरक्षर असल्यानं अंगठा लावला, असा. सासूबाईंनी त्याचा हात धरून थांबवला. म्हणाल्या, त्ये खोड. मला सही येती. अंगठा या मशिनीनं लावाय लावला, असं लिव.

त्यानं तसंच लिहिलं, मामा. काळजी घ्या, आणि आमच्यावर आहे तसाच जीव असू द्या.

तुमची,
अपेक्षा