शेवटी येणारी नावं

ती. बाबांस,

इथूनच पाया पडते. माझी तब्येत छान आहे आणि जेवणही वेळेवर होतं. एवढं आईला आधी वाचून दाखवा.

रविवारी ऑफिसातली मैत्रीण मला ओढतच सिनेमाला घेऊन गेली. व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचा माहितीपट! आठवडाभर गेममधल्या चुका शोधायच्या आणि सुट्टीतही तेच? मी डुलकी काढायच्या तयारीनेच बसले होते. पण बाबा, पापणी लवली नाही.

त्यात एक आजी होत्या. तरुणपणी त्यांनी बनवलेला गेम जगभर खेळला गेला, पण त्यावर नाव फक्त कंपनीचं. कॅमेऱ्यासमोर त्या तो खेळायला बसल्या आणि पहिल्याच खड्ड्यात पडल्या. "मीच खणलाय मेला!" म्हणत खो खो हसल्या. सगळं थिएटर हसलं, मला मात्र रडू फुटलं.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या चौघांना कामावरून काढलं. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांतूनही त्यांना पुसून टाकलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोमवारी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, "त्यांची नावं परत घाला."

"तुला काय पडलंय? तुझं आहे ना?"

"त्यांची नसतील, तर माझंही काढा."

काल चौघांची नावं परत आली. साहेब मात्र माझ्याशी बोलायचे थांबलेत.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आईचा हात धरता ना? आणि माझी खोली रिकामी आहे, की तिथे पुन्हा पेट्या रचल्यात? सहज विचारतेय.

तुमची,
धाकटी