देवाला ऐकवायचं की बायकोला

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी देवासमोर उभा राहिलो आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, घरातल्यांना सुबुद्धी दे, असं मागितलं. ही माझी रोजचीच रीत झाली होती. तुझी भावजय मग पातेल्याला सांगते, की ज्याला कमी आहे त्यानं आधी स्वतःपुरती मागावी. शिलाई कारखान्यातली देखरेखीची नोकरी तिनं धरू नये असं तू म्हणालीस, मी मान डोलावली, तेव्हापासून आमचं बोलणं असं देव आणि पातेलं यांच्यामार्फत चाललंय. महिनाअखेर ती कारखान्यावरच्या खोलीत राहायला जाणार, हेही मला पातेल्याकडूनच कळलं.

त्याच दिवशी पुस्तकबांधणीचं काम अर्धं टाकून मी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. लग्नापासूनची कहाणी काढली, तर त्यांनी तिथंच अडवलं. म्हणाल्या, झालेलं तुमच्या हातात नाही, आणि बायकोही नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगा. ती घरात हवीय, म्हणालो. मग त्यासाठी तुम्ही काय करताय? प्रार्थना, म्हणालो. कशी, ते विचारल्यावर सगळं सांगावं लागलं. त्यानं ती जवळ येते की लांब जाते, एवढंच बाईंनी विचारलं. लांब, म्हणालो.

आता मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. पातेलंही गप्प आहे.

भावोजींना नमस्कार. माया असू दे.

तुझा धाकटा

ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. घरातलं भांडण परक्या बाईपुढं मांडलंस! आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेव्हा कुठली बाई आली होती? आपल्यात नवराबायकोचं बिनसलं की दोघं माझ्यापुढं बसतात, मी निवाडा करते आणि विषय मिटतो. मधल्याचा संसार असाच टिकला. रविवारी तिला घेऊन ये. काकांनाही बोलावलंय. आपल्या घरची सून कारखान्यात जाणार नाही, हे मी तिच्या गळी उतरवते. तू फक्त गप्प बस; ते तुला छान जमतं.

आणि मनातल्या मनात कसली प्रार्थना? परीक्षेच्या आदल्या दिवशी तर गल्ली जागी करायचास!

जेवणाची हेळसांड करू नकोस. जीव आहे म्हणून बोलते.

तुझी ताई

ता. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी तू दारात वाट पाहिली असशील. आमची गाडी चुकली नाही, माझी तब्येतही ठणठणीत आहे. आलो नाही, कारण मला यायचं नव्हतं.

तू वाढवलंस, ते विसरलो तर देव मला विचारील. पण मधल्याची बायको तुझ्यापुढं मान खाली घालून बसते आणि घरी गेल्यावर आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलत नाही. असा टिकलेला संसार मला नको. तू राग धर, काकांपुढं मला नावं ठेव. तुझा राग उतरवायला मी बायकोला तुझ्यापुढं बसवणार नाही. आमच्यापुरता हा निवाडा बंद.

या आठवड्यात मी स्वतः काय करणार आणि कुठल्या दिवशी, असं बाईंनी दुसऱ्या भेटीत विचारलं होतं. बघू, हे उत्तर त्यांनी घेतलं नाही. मी रविवार सांगितला. त्या दुपारी ती बॅग भरत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि तोंडावर सांगितलं, की मला ती घरात हवी आहे, नोकरीसकट हवी आहे. तिनं हातातली साडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, ताईंनी नाही म्हटलं तर? मी म्हणालो, ताईला विचारणार नाहीये, कळवणार आहे.

बॅग अजून अर्धीच भरलेली आहे. ती पुरी भरायची की रिकामी करायची, ते तिचं तिनं ठरवावं. माझ्या हातात होतं ते मी केलं. तुला कळवलं.

लोभ ठेव, न ठेव, माझा आहेच.

तुझा धाकटा