डाव्या भिंतीवरचे घाव

प्रिय डावरे,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. नोकरी संपली, कंपनीचं घर सोडायचंय, भाऊ-वहिनी बोलावताहेत, तर "पंडित, आता कुठं राहू ते तूच सांग," असं एका ओळीत विचारून मोकळी झालीस. सांगतो. पण आमच्या शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात, सिद्धांत शेवटी. तेव्हा जरा धीर धर. तो तुझ्यापाशी कधीच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आधी बातमी. आपल्या तांब्याच्या खाणीतलं पाणी उपसलं! हो, पहाडातलं तेच भुयार, जिथं गुडघाभर पाण्यापाशी आपलं संशोधन दरवेळी बुडायचं आणि तू त्या पाण्याचा उद्धार करायचीस. संग्रहालयाच्या बाईंना आता खाण लोकांना दाखवायचीय. त्यांनी मला बोलावलं, कारण तिच्या इतिहासाचं खूळ डोक्यात असलेला मीच काय तो इथं उरलोय. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला दोर, पायांत दुसऱ्याचे बूट. विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर आयुष्यभराचा दरारा त्या बुटांत गेला असता.

आत शिरलो आणि ते वळण आलं. तुला आठवतंच असेल. उजव्या भिंतीवरचे टिकावाचे घाव एका अंगाला कललेले, डाव्या भिंतीवरचे नेमके उलट. त्यावर मी तिथंच एक व्याख्यान झोडलं होतं: दोन काळ, दोन राजवटी, खोदायच्या दोन पद्धती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "झालं? आता सरक." शेजारी उभी राहून हवेतच टिकाव चालवलास, मलाही चालवायला लावलास. पहिल्याच फटक्याला माझं कोपर तुझ्या दंडावर बसलं. "अरे बाबा, उजवीकडे हो!" जागा बदलली. तुझा डावा हात डाव्या भिंतीकडे, माझा उजवा उजवीकडे, आणि त्या अरुंद जागेत दोघं खांद्याला खांदा लावून बेतून शिवल्यासारखे मावलो. जुने खाणकरी जोडी लावताना एक डावरा बघून घेत, हे आपल्याला असं कळलं. माझ्या दोन्ही राजवटी तिथंच लयाला गेल्या. नंतरही आपण बराच वेळ तसेच उभे होतो. घाव तपासतोय, असं दोघंही धरून चाललो होतो.

आता नवं ऐक. पाणी होतं त्याच्या पलीकडे भुयार आणखी पुढं जातं. थोड्या अंतरावर डाव्या भिंतीवरचे डावखुरे घाव थांबतात. भुयार चिंचोळं होतं आणि तिथून पुढं एकट्या उजव्या हाताचं काम. माझ्या मनात लगेच शोककाव्य जुळायला लागलं: जोडीदार गेला, की रुसला, की कुणी पळवला? बाई म्हणाल्या, "अहो सर, धातूची शीर बारीक झालीय. एवढ्याशासाठी दोन माणसं कोण ठेवील? दुसऱ्याला दुसरीकडे धाडलं असेल कामाला." काव्य पहिल्याच चरणात आटोपलं.

पण काम चोख आहे गं त्याचं. एक घाव वाकडा नाही. एकट्या माणसाचं सगळं चोख असू शकतं, मला ठाऊक आहे. माझ्या कपड्यांच्या घड्या पाहशील तर थक्क होशील. मी त्या भिंतीवर हात ठेवला, वळलो आणि तोंडून निघून गेलं, "अगं, हे बघ!" शेजारी बाई. आमचं आजवर अहो-जाहो. त्या बिचाऱ्या भिंत बघायला लागल्या आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. त्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तर तुझा प्रश्न. भावाकडे ऊन आहे, डॉक्टर जवळ आहेत, वहिनी मायाळू आहे. माझं घर ओलसर, जिना चढा, आणि मी स्वयंपाक करताना एकटाच बोलतो. कुणीही शहाणा तुला भावाकडेच जा म्हणेल. या पूर्वपक्षाचं खंडन करायला आठवडाभर बसलोय, एकही युक्तिवाद हाती लागला नाही. म्हणून युक्तिवादाशिवायच सांगतो. इथं ये. माझ्याकडे. मला तू हवी आहेस. येणार असलीस तर फोन कर. नसलीस तर मात्र पत्रच लिही, चांगलं लांबलचक, आणि सावकाश पोचू दे.

तुझाच,
पंडित