मांडीवरच्या खळ्या

प्रिय सायलीबाई,

फोन सोडून आत्याला पत्राचं कुठून सुचलं म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, अन् बोलू दिलंस तर मी रडून मोकळी होते. हे तुझ्या पप्पाला दाखवू नको.

काल तू आमच्या कातडीच्या दवाखान्यात आलीस, फॉर्म भरलास अन् पालीची गाडी गाठायला पळालीस. काउंटरवरून बघताना मला हसूच आलं. पोलीस भरतीच्या मैदानाला बारा दिवस राहिलेत, अन् पोरगी स्टँडपर्यंतसुद्धा धावतच जाते! मग त्याच मांड्यांत मंगळवारी सुया कशापायी टोचून घ्यायच्यात, ते माझ्या टकुऱ्यात शिरंना.

मी इथं सहा वर्षं हाय. कातडीखाली जेल भरतात, मांडीवरचे खड्डे भरून वर येतात, वर्ष-दीड वर्षात जेल विरून जातं. काही बाया लई खूश होऊन जातात, मी कुणाला नावं ठेवत न्हाई. पण सूज उतरेस्तवर पळणं बंद, हे डॉक्टर मॅडमनी तुला सांगितलंय. म्हणजे ऐन मैदानाच्या तोंडावर सराव गेला. दोन वर्षं पहाटे उठून धरणाच्या रस्त्यानं पळालीस ना गं? अन् हा काही आजार न्हाई, बहुतेक बायांना असतंच, हेही त्या म्हणाल्या. मलाही हाय.

तू गेल्यावर तुझा फॉर्म कम्प्युटरात भरायला घेतला. 'कधी लक्षात आलं' या रकान्यात तू लिहिलंयस, 'सातवीत. आत्यानं सगळ्यांना दाखवलं तेव्हा.' अगं बाई! मला आठवायलाच वेळ लागला. आपल्या भावकीतल्या युवराजच्या हळदीला तू फ्रॉक घालून नाचत होतीस, अन् मी बायांत हसत म्हणाले होते, बघा, आमच्या सायलीच्या गालाला न्हाईत तेवढ्या खळ्या मांडीला पडल्यात. मला ते लाड वाटले होते. त्यानंतर तू फ्रॉक घातला न्हाईस, भर उन्हाळ्यात फुल पँट घालून पळतेस, अन् मी येडी समजत होते पोरगी शहाणी झाली.

म्हणून हे पत्र. चुकले गं, लई चुकले. तुझी मंगळवारची वेळ मी खोडलेली न्हाई, ते तुझं तू ठरव. सुया घ्यायच्याच असतील तर मी रजा टाकून तुझा हात धरून बसेन. पण आत्या बोलली म्हणून घेऊ नको. आत्याला तवा काय कळत होतं!

तुझीच,
वर्षाआत्या