डाव्या हाताचा मळ

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातून घरी आलो. अर्धांगाचा झटका डाव्या बाजूवर आला, म्हणजे पत्र लिहिणारा हात शाबूत आहे आणि तुझी सुटका नाही. पाय फरफटत का होईना, चालतो. डावा हात मात्र घरी मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखा वागतो. जेवायला सोबत बसतो, कामाच्या वेळी दिसत नाही.

चिरंजीव लांबलचक रजा काढून इथे राहायला आले आहेत. मला तळहाताच्या फोडासारखं जपतात. ब्रशवर पेस्ट लावून देतात, घास भरवतात, तोंड पुसतात आणि शर्टाची बटणं लावतात. सबंध गल्लीचे शर्ट मी शिवले, आणि आता माझंच गळ्याचं बटण पोरगा असं आवळून लावतो की दुसरा झटका त्यानेच यावा. परवा शेजारचा न्हावी भेटायला आला तर त्याच्यादेखत मला पाणी पाजलं. न्हाव्याने खिडकीबाहेर पाहिलं, मी छताकडे.

आता मुद्द्याचं सांगतो. चिरंजीवांची रजा संपेपर्यंत मी एकटा राहण्याजोगा झालो नाही, तर दुकानाला कुलूप, दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या रिकाम्या आणि माझी रवानगी त्यांच्या अकराव्या मजल्यावर. तिथे गॅलरीतून खाली माणसं दिसतात, पण त्यांचे शर्ट दिसत नाहीत. मुलगा हे सगळं प्रेमाने बोलतो, हीच पंचाईत आहे. भांडला असता तर मी जिंकलो असतो.

निकाल द्यायला एक बाई नेमल्या आहेत. फिजिओथेरपिस्ट म्हणून एक दणकट मुलगा येतो, तो मला जिना चढवतो उतरवतो. या बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मी विचारलं, हे आणखी काय नवीन? त्या म्हणाल्या, तो तुम्हाला न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचवेल, दाराच्या आतलं माझ्याकडे. आंघोळ, कपडे, चहा, कात्री, सगळं. रजेच्या शेवटी त्या काय ते सांगणार आणि बापलेकांनी ते मुकाट्याने ऐकायचं, असं ठरलं आहे.

कळावे. लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

तुझा,
मास्तर

११ जून

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

उपदेश नको म्हणालास, म्हणून एक कागद जास्त घेतला आहे.

तुझा आजार ऐकून काळजाचं पाणी झालं, आणि तुझं पत्र वाचून त्या पाण्याला उकळी फुटली. अरे, मुलगा घास भरवतो तर तू तोंड उघडतोस कशाला? लहान मूलसुद्धा पोट भरलं की तोंड फिरवतं. तुला आयतं आवडायला लागलंय, असा माझा दाट संशय आहे. बायको गेल्यापासून कोणी एवढं केलं नव्हतं तुझं, मला कळत नाही का ते?

त्या बाई सांगतील ते निमूट कर. माझंच उदाहरण घे. गुडघा बदलून आले त्या दिवसापासून मी व्यायामात एक दिवस खाडा केलेला नाही. फिजिओथेरपिस्ट फोन करून विचारतो, मी सांगते, झाला. वय माझं जास्त, पण जिद्द बघ. तू मात्र जन्माचा आळशी. दुकानसुद्धा घराखालीच काढलंस, म्हणजे चालायला नको.

अकराव्या मजल्यावर जाऊ नकोस. तिथे तू महिनाभरात सुनेच्या पडद्यांना नावं ठेवशील आणि तुला कोणी वाळीत टाकलं तर मी मध्ये पडणार नाही. हात चालता कर. तुला काही झालं तर मी कोणाला बोलू?

लोभ आहेच, तो तसाच राहील, तू कसाही वागलास तरी.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या जिद्दीला कोपरापासून नमस्कार. एकाच कोपरापासून, दुसरं अजून ऐकत नाही.

बाईंनी पहिल्याच दिवशी चिरंजीवांची हजेरी घेतली. मी कप उचलायला गेलो, चिरंजीव धावले, आणि बाईंनी त्यांना सांगितलं की तुम्ही वडिलांचं एकेक काम करता तेव्हा त्यांच्या हाताचा एकेक व्यायाम चोरता. पोरगा बिचारा कानकोंडा झाला. त्याला वाटलं होतं शाबासकी मिळेल. मग बाईंनी घराचीच मापं घेतली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, आत स्टूल ठेवलं, चहासाखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणले. उजवा हात आधी घालायची माझी सवय मोडली. दुबळा हात आधी अस्तनीत, काढताना तो शेवटी. एवढी वर्षं अस्तन्या जोडल्या, पण त्यांत शिरायची रीत मला आत्ता कळली.

दुकानातलं पायमशीनही त्यांनी कामाला लावलं. सुई काढून घेतली आणि डाव्या पायाने नुसतं चालवायला सांगितलं. रस्त्यावरून जाणारे आत डोकावून विचारतात, मास्तर, दुकान सुरू झालं का? मी हो म्हणतो. धागा नाही, कापड नाही, सुई नाही, पण दुकान जोरात आहे.

हातासाठी एक रबरी लगदा दिलाय. तो दाबायचा, चिमटीत ओढायचा. ताई, या वयात मी लगदा मळत बसू? तो मी खणात ठेवला, तिथे तो सुखी आहे. पण बाईंच्या परीक्षेत शर्टाची बटणं स्वतः लावणं हा मोठा पेपर आहे, आणि माझी डावी चिमटी काजाची कड धरूनच ठेवत नाही. कड निसटते, बटण हसतं.

तेव्हा मी शिंप्याची अक्कल चालवली. सगळ्या शर्टांची काजं शिवून बंद केली, त्यांच्यावर वरून शोभेची बटणं टाकली आणि पट्टीच्या आतून टिचबटणं लावली. उजव्या तळव्याने छातीवर दाबलं की झालं. बघणाऱ्याला वाटावं, मास्तर झरझर बटणं लावतायत. सुई दिसली तर पोरगा हिसकावून घेईल, म्हणून दुपारी तो झोपला की दुकानात बसून हळूहळू शिवतो. फक्त टिच असा आवाज होतो, त्यावर खोकला काढायचं ठरवलंय.

कुणाला सांगू नकोस. लोभ ठेव, आणि तोंड बंद ठेव.

तुझा,
मास्तर

२७ जून

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

शाबास. परीक्षेत कॉपी करायला तू साठी ओलांडायची वाट पाहिलीस.

अरे गाढवा, बाईंना फसवून तुला काय मिळणार? त्या होय म्हणतील, मुलगा निघून जाईल, आणि मग तू एकटा. न्हाणीघरात तोल गेला तर दांडा धरायला टिचबटण येणार आहे का? गॅसवरून भांडं दोन हातांनी उतरवावं लागतं, तेव्हा कुठला हात शोभेचा लावशील? तू राहा तिथे, मला तेच हवंय, पण धडधाकट राहा. खोटं पास होऊन एकटा पडलास, तर ते मला अकराव्या मजल्याहून वाईट वाटेल. रात्रंदिवस फोनकडे बघत बसावं लागेल मला.

माझ्याकडे बघून तरी शीक. आजही व्यायाम झाला.

लोभ आहे, पण या पत्रापुरता राखून ठेवला आहे.

तुझी,
ताई

ता. क. मामा, सा. न. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून ही संधी साधते. आईंचा व्यायाम झाला म्हणजे फोनवर झाला. गुडघा अजून वाकत नाही, कारण त्या तो वाकवत नाहीत. आरामखुर्चीत बसून पाणी, चष्मा, पंख्याचं बटण, सगळं मला सांगतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणावं तर त्यांना वाकताही येत नाही. तुम्ही काहीतरी करा. — सून

५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिलाडूपणे हे पत्र लिहितो आहे, कारण दोघंही उघडे पडलो. तुझं तू बघ. माझं कसं झालं ते ऐक.

बाई आल्या, शर्ट घाला म्हणाल्या. मी डावा हात आधी घातला, पट्ट्या जुळवल्या आणि छाती दाबत सुटलो. दर टिचेला एक खोकला. पोटाच्या बटणापर्यंत खोकला इतका वठला की चिरंजीव पाणी आणायला पळाले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी दोन बोटांनी पट्टी उलटून पाहिली आणि विचारलं, हे कोणी शिवलं?

मी म्हटलं, मी. माझ्या शिवणावर दुसऱ्याचं नाव आलेलं मला चालत नाही, मग ती लबाडी का असेना. मग त्यांनी विचारलं की सुई उजव्या हातात होती, तर एवढंसं टिचबटण कापडावर धरून कोणी ठेवलं होतं?

ताई, मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. आईशप्पथ सांगतो, तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुरुवातीला ती बटणं चार चार वेळा खाली पडत, मी शिव्या घालत फरशीवर शोधत बसे. नंतर नंतर पडेनाशी झाली, आणि मी समजलो की बटणांना अक्कल आली. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, लगद्याने जे करून घेणार होते ते तुम्ही चोरून केलंत. मला गाणं म्हणावंसं वाटलं, पण खोकून घसा बसला होता.

गंमत पुढेच आहे. त्यांनी सांगितलं की टिचबटणं लावणं हा गुन्हा नव्हेच. ज्यांना काज जमत नाही त्यांना त्या स्वतःच तसं सुचवतात. विचारलं असतं तर आनंदाने परवानगी दिली असती, लपवलं तेवढं वाईट, कारण मग मला काय येतं ते त्यांना कळणार कसं? म्हणजे मी चोरी केली ती स्वतःच्याच मालाची. आता हवं तर हेच शर्ट घालून परीक्षा द्या, म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या कोणी खुशाल घालावेत, पण शिंपी आहे मी. सगळी टिचबटणं उसवली, काजं मोकळी केली, बटणं पुन्हा आपापल्या जागी लावली. या खेपेला पोरगा समोर बसला होता. त्याचे हात सारखे शिवशिवत होते, पण बाईंच्या धाकाने त्याने ते मांडीखाली घेतले. परीक्षा येत्या आठवड्यात आहे, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते.

लोभ असावा. गुडघा वाकवावा.

तुझा,
मास्तर

९ जुलै

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

सुनेने घरात बंड केलं आहे. पाणी मागितलं तर माठाकडे बोट दाखवते. तुझी बाई आणि माझी सून एकाच शाळेत शिकल्या असाव्यात. काल स्वतः उठून पाणी घेतलं. गुडघ्याने आकांत केला, मी त्याहून मोठा केला, सून पेपर वाचत राहिली. पाणी गोड लागलं, हे तिला सांगू नकोस.

भीती वाटते म्हणालास, बरं केलंस. मलाही वाटते. सावकाश कर. घाईत तू नेहमीच घाण करतोस.

पुष्कळ लोभ.

तुझी,
ताई

१७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. आंघोळ दांडा धरून नीट उरकली. चहा केला, भांडं दोन्ही हातांनी उतरवलं, थोडा ओट्यावर सांडला, तो पुसलासुद्धा मीच.  चिरंजीव दाराशी उभे होते, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे घामाघूम.

मग शर्ट. काजाची कड धरली, निसटली, पुन्हा धरली. अर्ध्या वाटेत चिरंजीव पुढे सरसावले, बाईंनी नुसतं पाहिलं, ते मागे सरले. शेवटचं बटण लावून मी मान वर केली. बाईंचा चेहरा कोरा. पोरगा जमिनीकडे बघतोय. मी आरशासमोर गेलो. ताई, एक काज चुकलं होतं. एक बाजू वर, एक खाली, गळ्यापाशी रिकामं काज आ वासून उभं. शिंप्याच्या अंगावर वाकडा शर्ट!

डोळ्यांसमोर अकरावा मजला आला. वाटलं, आता बस. पण तो शर्ट अंगावर ठेवणं मला जमेना. कुणाला न विचारता खालपासून वरपर्यंत सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून लावली. दुसऱ्यांदा जास्तच वेळ लागला. त्या वेळात बाईंचा चहा निवला.

तो निवलेला चहा पिऊन त्यांनी चिरंजीवांना सांगितलं की तुमचे वडील एकटे राहू शकतात. पोरगा म्हणाला, पण चुकले ना ते? त्यावर बाई म्हणाल्या की चुकणार, रोज कुठे ना कुठे चुकणार. मी एवढंच बघत होते की चूक त्यांची त्यांना दिसते का आणि त्यांची त्यांना निस्तरता येते का. मी अजून काही महिने येत राहीन, पण घर त्यांचं त्यांना चालवू द्या.

काल चिरंजीव निघाले. बॅग दारात, रिक्षा खाली उभी. मला वाटलं, बजावतील, हे करू नका, ते करू नका.  त्याने एवढंच विचारलं की रविवारी आलो तर चालेल का, काही करायला नाही, नुसता बसायला. मी म्हटलं ये, चहा मी करीन. तर तो एवढा मोठा बाप्या उंबऱ्यात उभा राहून रडायला लागला. मला भडभडून आलं, हात माझ्या खिशातल्या रुमालाकडे गेलाही. पण मी थांबलो. रुमाल त्याच्याही खिशात होता. त्याला सापडायला जरा वेळ लागला, पण त्याचा त्याने काढला.

लोभ वाढावा.

तुझा,
मास्तर