भाववाल्यांची मुलगी

बाबा, नारळाने माझी वाट लावली. तुम्ही असतात तर "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नसतात, नुसता चष्मा पुसला असतात, आणि त्याचाच मला जास्त राग आला असता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता अंधेरीला एका संशोधन संस्थेत महागाई मोजते. म्हणजे तुमचंच काम, फक्त एसीत बसून. तुम्ही दर मंगळवारी सरकारी फॉर्म घेऊन मुलुंड पश्चिमेचा बाजार पायी फिरायचात. आमचा कॉम्प्युटर घरपोच सामान देणाऱ्या ॲपवरून रोज सकाळी भाव आपोआप उचलतो. त्याच्या चपला झिजत नाहीत की त्याला मध्येच चहा लागत नाही. या जोरावर मी एक अहवाल लिहिला आणि त्यात मोठ्या ऐटीत म्हटलं की उपनगरांत नारळ गेले कित्येक महिने महागलेलाच नाही. शुक्रवारी तो बड्या बड्या अर्थतज्ज्ञांसमोर मांडायचा होता. माझ्या एकटीच्या नावाचा पहिलाच मोठा अहवाल, पन्नाशीला आल्यावर.

बुधवारी जेवताना आईला सांगितलं. तिला हल्ली ऐकू कमी येतं, पण नारळ बरोबर ऐकू आला. "कुठे मिळतो गं तो? मला चार आण. परवाची सोलकढी मी अर्ध्या नारळात भागवली." मी समजावायला लागले, की अगं, माणसाला वाढलेले भाव तेवढे लक्षात राहतात, बाकी बराचसा भास असतो. "बरं, मग चार भास आण," ती म्हणाली. मी चिडून तिथल्या तिथे मोबाइल काढला, ॲपवर नारळ शोधला. भाव होता, अगदी माझ्या अहवालातला. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सध्या उपलब्ध नाही. दुसऱ्या ॲपवर तेच. जो नारळ कुणालाच मिळत नव्हता त्याचा जुना भाव आमचा कॉम्प्युटर इमानेइतबारे रोज टिपत होता! आई भात कालवत म्हणाली, "तुझ्या बाबांनी हे खपवून घेतलं नसतं."

आणि मी एकदम सातवीत. तुम्हाला ताप आहे, म्हणून फॉर्म घेऊन मी बाजारात गेले आहे. किराणावाल्याचं दुकान बंद. मी हुशारी करून मागच्या आठवड्याचाच तूरडाळीचा भाव लिहून आणते. तुम्ही अंगावर चादर घेऊन फॉर्म तपासता, आणि आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडता. "दुकान बंद होतं तर 'बंद' लिही! दिसलं ते लिहायचं. आपल्या मनाचं लिहायचं असेल तर बाजारात जायचं कशाला?" मी रडले. आईने तुम्हाला झापलं, तापात कसलं मेलं ते डाळीचं घेऊन बसलात म्हणून. तुम्ही तापातच उठून तो फॉर्म नव्याने लिहिलात.

तुमचा दुसरा नियम तर आईला आजही सहन होत नाही. ज्या दुकानात भाव विचारायचा तिथून घरी काडीही आणायची नाही. ओळखीने दोन पैसे कमी लावले तर महागाई कमी दिसेल, म्हणून. "अहो, मग दिसू दे ना एकदा कमी!" आई ओरडायची आणि घराखालचा बाजार सोडून कोथिंबिरीच्या जुडीसाठी पूल ओलांडून पूर्वेला जायची. अख्ख्या मुलुंड पश्चिमेत तुम्ही 'भाववाले' म्हणून प्रसिद्ध. नेहमी विचारणार, कधीच घेणार नाही. सलूनवाला तर म्हणायचा, "साहेब, कटिंगचा भाव सांगतो, पण आधी केस तरी आणा." आणि टक्कल पडलेले तुम्ही शांतपणे म्हणायचात, "दाढीचाही सांगा."

आता ते चपलांच्या दुकानाचं. मी नववीत होते, सोबत वर्गातल्या दोघी. तुम्ही काउंटरवर एक लाल लेडीज सँडल हातात घेऊन, उलटीपालटी करून, भाव लिहीत होतात. एक मैत्रीण खिदळली, "अगं, ते बघ भाववाले! कसला चेंगट माणूस आहे. ओळखतेस?" मी म्हटलं, "कोण? नाही गं." तुम्ही वर बघितलंत. मग परत खाली बघून सँडलचा नंबर लिहिलात. घरी आल्यावर त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, बाबा. मला अजून लाज वाटते.

गुरुवारी मी रजा टाकून बाजारात उतरले, हातात पॅड आणि पेन. नारळवाल्या मावशी आता म्हाताऱ्या झाल्यात, गाडीच्या जागी गाळा आलाय. मी भाव विचारला. "घ्यायचाय, की नुसतं विचारायचंय?"

"नुसतं विचारायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं नुसतं विचारणारा इथे एकच माणूस होता. इतकी वर्षं आला, पण कधी करवंटीसुद्धा नेली नाही बाबाने. भाव वाढवला की तोंड असं करायचे, जसं काय घरात कोणी आजारी आहे. तू कोण गं त्यांची?"

"मुलगी," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण शेजारचा केळीवालाही बघायला लागला.

शुक्रवारी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि अहवाल मागे घेते म्हणाले. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. एका अर्थतज्ज्ञाने विचारलं, मग नारळाचा खरा भाव काय? सात गाळ्यांवर जाऊन आलेय, बाकी अजून माहीत नाही, पुन्हा मोजावं लागेल, असं सांगितलं. फार हसले लोक. पुढचे सहा महिने मला बाजारातच काढायचेत, माझ्या गुडघ्यांसकट.

हे पत्र मी त्याच पॅडला लावून ठेवतेय. तुम्हाला टपालाने पाठवायची सोय नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. मावशींनी निघताना एक मोठा नारळ सोलून माझ्या पिशवीत घातला. मी नको नको म्हटलं, नियम सांगितला, त्या म्हणाल्या, "नियम त्यांचा होता, नारळ माझा आहे," आणि पैसे घेतलेच नाहीत. आईने काल पूर्ण नारळाची सोलकढी केली, दोन वाट्या प्यायली. पण फुकट नारळ घेतल्यावर त्या गाळ्याचा भाव लिहायला माझा हात धजेना. म्हणून मी तिथे 'बंद' लिहिलं.

गाळा चांगला उघडा होता, बाबा.