पाळीचा चौकोन

राहुरी, १९ नोव्हेंबर १९९६

कारखान्याचा ऊसतोडीच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम आज बंद पडला. तो लिहिणारे शिंदे गेल्या महिन्यात वारले. फायलीत मी काढलेला त्याचा आराखडा सापडला आणि हायसं वाटलं. पट्टीनं आखलेले चौकोन, बाण, सगळं व्यवस्थित. फक्त पाळी ठरते त्या चौकोनात माझंच अक्षर: ‘हे शिंद्यांना माहीत आहे.’

विचारायला किती वेळ लागला असता? एक चहा होईपर्यंत सांगितलं असतं त्यांनी.

दारात एक म्हातारा दुपारपासून उभा. “सायेब, माझा ऊस कवा तुटायचा?” काय सांगणार? तो चौकोन दाखवू?

घरी येऊन, मी लिहिलेल्या वजनकाट्याच्या प्रोग्रामचा आराखडा काढायला बसलो. अवघड जागा आली. चौकोन आखला आणि आत लिहिलं, ‘हे मला माहीत आहे.’